टिकलीएवढं हाड

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. तोंडाने मी अजूनही घेत नाही, लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. पण लिहिताना कोण ऐकतंय? तर नाव काशीराम. काशीराम शिवलकर. रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला आमचं घर, आणि खनिजं तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत यांची नोकरी. मी त्यांची बायको, बकुळा.

यांच्यासारखा संशयी माणूस या किनाऱ्यावर दुसरा नसेल. मला बघायला आले तेव्हा विचारलं, "वाचता येतं?" मी हो म्हटलं. लगेच खिशातून वर्तमानपत्राचं पान काढून पुढे केलं. मी घडाघडा वाचायला लागले, तर मधल्याच एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "आता इथून वाचा." पाठ करून आले असेन असं वाटलं म्हणे. त्या दिवशीचा पेपर पाठ करून कोण बसतं? पण स्वभावाला औषध नाही.

दूध आलं की आधी नाक, मग बोट, मग जीभ. मासळी घ्यायला गेले की सुरमईचे कल्ले उचलून बघायचे, डोळा दाबून बघायचा. सखू मासेवाली एकदा म्हणालीच, "सायेब, नाडीपन बगा तिची." बाजार हसला. हे हसले नाहीत. घरी आल्यावर मला म्हणाले, "ती विषय बदलत होती. मासा कालचा असणार." मासा ताजा होता. मी चिरला ना तो.

या संशयाचं मूळ मला सासूबाईंनी सांगितलं, धोंडूबाईंनी. हे लहान असताना यांचे वडील वादळात होडीसकट गेले. प्रेत मिळालं नाही. प्रेत मिळालं नाही की आमच्याकडे पळसाच्या पानांचा माणूस करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, डोळ्यांच्या जागी कवड्या, अंगाला माती आणि पीठ लिंपतात, आणि मुलगा त्याला अग्नी देतो. यांना पुढे उभं करून सांगितलं, "हे तुझे बाबा." यांनी बघितलं आणि म्हणाले, "हा नारळ आहे." कुणीतरी एक थोबाडीत ठेवून दिली, मग यांनी अग्नी दिला. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. हे तर पाणीसुद्धा फुंकून पितात.

असा माणूस नोकरीत मात्र फार उपयोगी पडतो. तिथे यांच्याकडे एक यंत्र होतं. आपल्या डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेच्या जातीचा एक प्रकाश असतो, इन्फ्रारेड. तो पदार्थातून सोडला की पदार्थ त्यातला काही भाग गिळतो. कुठला भाग गिळला ते यंत्राचं पेन कागदावर काढत जातं. जिथे गिळला तिथे रेघ खाली उतरते, खड्डा पडतो. प्रत्येक पदार्थाचे खड्डे ठरलेले. हे कागद घरी आणून जमिनीवर पसरायचे आणि एक टोक मला धरायला लावायचे, म्हणून मला एवढं कळतं. मॅट्रिकला मला विज्ञानात बरे गुण होते, तेही यांनी गुणपत्रक मागून बघितलं होतं.

बागायतदार हाडांच्या खताचे नमुने आणायचे. कलमांना घालायचं खत, आणि विकणारे त्यात पांढरी माती मिसळायचे. हाडात फॉस्फेट असतं. फॉस्फेटचा मोठा खड्डा कागदावर हजाराच्या आकड्याजवळ येतो. पण गंमत अशी, की मातीचा आणि वाळूचाही मोठा खड्डा तिथेच कुठेतरी येतो. "चोर आणि पोलीस एकाच बाकावर बसलेत," हे म्हणायचे. डॉक्टर लोक मुतखडे पाठवायचे. एकदा गणपतीपुळ्याच्या बाजूच्या एका माणसाने आपल्या पोटातला म्हणून खडा दिला, तो समुद्रावरचा गोटा निघाला. त्याला मुंबईच्या नोकरीतून रजा हवी होती. यांना त्या दिवशी जेवण फार गोड लागलं. कुणी खोटं सापडलं की यांचा चेहरा उजळायचा, आणि मला ते आवडायचं नाही.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडला, होड्या बाहेर निघाल्या, आणि थोड्याच दिवसांत काळबादेवीहून निरोप आला. माझी नणंद गोदा, यांची धाकटी बहीण, तिथे दिली होती. तिचा नवरा रघू आणि थोरला दीर रावजी दोघेही मुंबईला एका मोठ्या बोटीवर खलाशी होते. रावजी एकटाच परत आला होता. हातात तोंडाला फडकं बांधलेलं मडकं.

आम्ही पोचलो तेव्हा मडकं अंगणाबाहेर उंडीच्या झाडाला टांगलेलं होतं. अस्थी घरात आणत नाहीत. आत गोदावन्सं जमिनीवर बसल्या होत्या. रडणंसुद्धा धड सुरू झालं नव्हतं. रावजी ओसरीवर सगळ्यांना सांगत होता. रघू जाळं ओढताना तोल जाऊन पडला. मग प्रेत उरणच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. आणण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथेच वाळूवर अग्नी दिला.

शेजारच्या बायका गोदावन्संच्या बांगड्या फोडायला पुढे झाल्या. एकीने हात धरला. तेवढ्यात हे दारातून म्हणाले, "थांबा."

सगळ्यांनी मागे बघितलं. हे रावजीला म्हणाले, "तार का केली नाहीस?"

"सुचला नाय, भाऊ. डोका फिरला होता."

"प्रेत ओळखलं कशावरून?"

"हातावर गोंदलेला होता ना. नि माजा भाऊस मी वळखनार नाय?"

"बोटीवरचं आणखी कोण होतं तिथे?"

रावजीने बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाला, "बोट दर्यात होती. मी एकलाच उतरलो होतो."

यांनी बाहेर जाऊन मडक्याचं फडकं सोडलं. बायकांमध्ये एकदम कुजबुज उठली. विसर्जनाआधी कुणी असं करत नाही. यांनी आत बघितलं, दोन बोटं घातली आणि एक वस्तू उचलून तळहातावर घेतली. काळी पडलेली, तडकलेली कवडी होती.

मी यांच्या शेजारीच होते. यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. उजळलेला नव्हता तो. लहान मुलाला मारल्यावर होतो तसा झाला होता.

"रावजी," हे म्हणाले, "मिळाला नाही ना तो? नारळ जाळलास ना?"

"वाळूवर जाळला, वाळूतना वेचला," रावजी म्हणाला. "कवडी येनारच. भाऊ, ह्या हातान अग्नी दिला मी. तुमाला माजा शबूद पुरत नाय?"

"नाही," हे म्हणाले. "मी तपासणार. आणि हाड निघालं, तरी ते बकऱ्याचं नसेल कशावरून?"

रावजीचे डोळे भरून आले. यांनी तेही संशयानेच बघितलं. मला त्या क्षणी यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. पण मी गोदावन्संकडे बघितलं. त्यांनी आपला हात त्या बाईच्या हातातून सोडवून घेतला होता आणि बांगड्या पदराखाली झाकल्या होत्या.

भटजी रागावले, गाव रागावलं. पण यांच्या नावाचा दरारा असा, की हा माणूस उगाच बोलणार नाही असं लोकांना वाटायचं. दिवसांचं काय करायचं ते करा, विसर्जन नको आणि बांगड्या नकोत, असं गोदावन्संनीच सांगितलं. मडकं झाडावर राहिलं.

यांनी त्यातलं चिमूटभर काचेच्या बाटलीत घेतलं. बाटली घरात घेऊ नका म्हणून मी दारातच अडवलं, तर ती आमच्या परसातल्या जांभळीला टांगली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेली. नमुना दगडी खलात मिठाबरोबर बारीक घोटावा लागतो. खाण्याचं मीठ नाही, पोटॅशियम ब्रोमाइड नावाचं. मग दाब देऊन त्याची टिकलीएवढी पारदर्शक चकती करायची आणि ती यंत्राच्या उजेडात ठेवायची. त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "घोटताना हात थांबला."

"का?" मी विचारलं.

"म्हटलं, खरंच रघू असला तर?"

आणि भात तसाच ठेवून उठले. रघूभावोजी आमच्याकडे आले की यांच्या दूध हुंगण्याची नक्कल करून दाखवायचे, आणि हे रागवायचे नाहीत. एवढं एकट्या त्यांनाच माफ होतं.

पावसाळ्यात ते यंत्र म्हणजे आजारी म्हातारं. त्याच्या आतला लोलक मिठाचा, आणि आमची हवा अशी की कपाटातल्या साड्यांनासुद्धा बुरशी येते. यंत्राच्या खोलीत दिवसरात्र बल्ब पेटता ठेवायचे. तरी चकती दमट व्हायची आणि रेघ थरथरायची. आलेख आला तो असा: हजारापाशी मोठा, पसरट खड्डा. हाडाचाही असू शकेल, भाजलेल्या मातीचाही. त्याशिवाय कार्बोनेटचे दोन खड्डे. ते हाडातही थोडे असतात आणि कवडीशिंपल्यात तर असतातच.

हाड की माती हे ओळखायची खरी खूण पुढे होती, कागदावर आकडे उतरत जातात त्या बाजूला. फॉस्फेट असेल तर सहाशेच्या जरा अलीकडे-पलीकडे दोन खड्डे जोडीने येतात. हे त्याला खूर म्हणायचे, कारण ओल्या मातीत गाईचा पाय उमटावा तसा तो मधे दुभंगलेला दिसतो. मातीला असा खूर नसतो. पण हे जुनं यंत्र साडेसहाशेलाच संपायचं. मिठाच्या लोलकाची हद्द तेवढीच. खूर जिथे उमटायचा त्याच्या उंबरठ्यावर येऊन पेन थांबलं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कळत नाही. हे तसे नव्हते. रविवारी यांनी मला परसात चूल मांडायला लावली. पळसाची पानं, कवड्या, तांबडी माती, पीठ, वर अख्खा नारळ. "नारळ फुकट जातोय," मी म्हटलं. "जाऊ दे," म्हणाले. ते सगळं जाळून त्याची रक्षा गोळा केली. दुसऱ्या चुलीवर बकऱ्याचं हाड पांढरं होईपर्यंत भाजलं. शेजारीण कुंपणावरून बघत होती. तिने कुणाला काय सांगितलं देव जाणे, पण पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे हळदीकुंकवाला कुणी आलं नाही.

या दोन्हींचे आलेख काढून हे घरी घेऊन आले आणि तिन्ही कागद जमिनीवर पसरले. पानांच्या माणसाचा आलेख आणि रघूचा आलेख. मी टोक धरून बसले होते. खरं सांगते, मलाही दोन्ही सारखेच दिसले.

"बकऱ्याचाही तसाच दिसतोय की," मी म्हटलं.

"तो जरा वेगळा आहे. बघ, इथे." यांनी बोट ठेवलं तिथे मला काही दिसलं नाही. ज्याला जे बघायचं असतं ते त्याला दिसतं.

दुसऱ्या दिवशी हे काळबादेवीला गेले आणि बहिणीला म्हणाले, "बहुतेक नारळच जाळलाय, गोदे."

'बहुतेक' हा शब्द यांनी वापरला होता, हे खरं. पण तो गोदावन्संच्या कानापर्यंत पोचलाच नाही. मी पुढच्या आठवड्यात गेले तर घर सारवलेलं, अंगणात रांगोळी, केसांत अबोलीचा वळेसर. कुंकू नेहमीपेक्षा मोठं. मला म्हणाल्या, "वहिनी, पोवता येता त्याला. लय लांबवर पोवता येता. कुन्या बोटीवाल्यान उचलला असंल, कारवारकडं नेला असंल. पत्ता म्हायत नसंल त्याला आपला लिवायचा." मी म्हटलं, "आपला पत्ता त्यांना माहीत नाही?" तर नजर चुकवून म्हणाल्या, "डोक्याला मार लागल्यावर इसारतात मानसा."

गावातल्या बायका मागे बोलायच्या, पुढे गप्प व्हायच्या. नवरा मेला तरी मिरवते, असं एकीने मला ऐकवलं. दुसरी म्हणाली, रावजीने भावाला ढकललं असणार, त्याशिवाय काशीराम एवढा मागे लागणार नाही. बघा, एका 'थांबा'चे किती फुटवे निघाले. जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागला. रावजीच्या हातचं पाणी त्याची चुलतीसुद्धा पिईना.

शेवटी रावजी आमच्या घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"भाऊ, तुमाला काय वाटता, तुमीच सांगा. मी माज्या भावास मारला?"

"मी तसं म्हणालो नाही."

"मग काय म्हनालात?"

"तुला तो मिळाला नाही. ती आयुष्यभर वाट बघत बसेल म्हणून तू खोट्या अस्थी आणल्यास. वाईट हेतू नव्हता तुझा. पण खोटं ते खोटं."

रावजी जायला वळला. मग म्हणाला, "येवडा चांगला मी नाय, भाऊ. येवडा सुचला असता तर तारच केली असती." आणि गेला.

मला ते पटलं. खोटं बोलणारा माणूस आपल्याला मिळालेला चांगुलपणा परत करत नाही. मी तसं यांना म्हटलं. हे म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय." पण त्या रात्री त्यांनी तिन्ही कागद पुन्हा काढले नाहीत, नुसते गुंडाळीकडे बघत बसले.

मुंबईला एका मोठ्या संस्थेत यांचा वर्गमित्र दादू होता. तिथे नवं यंत्र आलं होतं, चारशेपर्यंत जाणारं. नमुना पोस्टाने पाठवला असता, पण पोस्टावर यांचा विश्वास नाही. तीन बाटल्या रुमालात गुंडाळून हे स्वतः एस.टी.ने गेले. रघूची, बकऱ्याची आणि पानांच्या माणसाची. रस्ताभर बाटल्या मांडीवर. शेजारच्याने विचारलं, औषध का? हे हो म्हणाले. मला वाटतं, यांनी सांगितलेली ती पहिली थाप.

पुढचं यांनीच मला सांगितलं. दादूने चकत्या केल्या, तर हे म्हणाले, आधी नुसत्या मिठाची चकती लाव. मिठात काही मिसळलेलं असलं तर? रेघ सरळ आली. मग पानांचा माणूस लावला. हजारापाशी पसरट खड्डा, आणि सहाशेपाशी काही नाही, नुसता उतार. हे खूश झाले. मग रघू. पेन हजारापाशी खाली उतरलं. या कोरड्या खोलीत तो खड्डा आता पसरट नव्हता, चांगला खोल होता. ते वर आलं, पुढे सरकलं, साडेसहाशेला आलं आणि थांबलं नाही. हे खुर्चीतून उठून उभे राहिले.

खूर उमटला. दोन खड्डे, मधे उंचवटा, स्वच्छ. शिवाय त्याच्या डाव्या खांद्यावर एक बारीक खळगी होती. हाड कडक आगीत जळलं की ती येते. दादू म्हणाला, "हाडच आहे रे, चांगलं भाजलेलं. कार्बोनेट आहे ते शिंपल्याचं, वाळूतून आलं असेल. कशाचा नमुना?"

"खताचा," हे म्हणाले. ती दुसरी थाप.

घरी आले ते थेट मोरीवर गेले आणि कपड्यांसकट डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. आपलं माणूस गेल्याचं कळल्यावर करतात ती आंघोळ. मी काय समजायचं ते समजले. ओल्या अंगानेच म्हणाले, "रघू गेला गं." आणि रडले. वडिलांच्या वेळी रडले नव्हते असं सासूबाई सांगायच्या. त्या दिवशी दोघांचं एकदम रडले असावेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं काळबादेवीला गेलो. यांनी आधी रावजीचं घर गाठलं आणि अंगणात, चार माणसांसमोर, त्याच्या पायांना हात लावायला वाकले. रावजीने वाकू दिलं नाही. मग तिघं मिळून गोदावन्संकडे गेलो. त्या दारात बसून मासळी साफ करत होत्या. यांना बघून कोयती बाजूला ठेवली.

हे खाली बसले, कागद उलगडला, बोटाने खूर दाखवला. "गोदे, हाडंच आहेत. मी चुकलो. रावजी खरं बोलत होता."

गोदावन्संनी कागदाकडे नीट बघितलं. घाई केली नाही. मग विचारलं, "ह्यावर नाव येता काय?"

"नाव कसं येणार?"

"मग कुनाची हाडा ती कसा कळला?"

यांनी कागदावरचं बोट उचललं.

"बकऱ्याच्या हाडाचापन असाच येता?"

बकऱ्याचं हाड मीच भाजलं होतं, आणि त्याचा मुंबईचा आलेख आमच्या घरात त्याच गुंडाळीत होता. तोही दुभंगलेला. हे हवं तर नाही म्हणू शकले असते. दोन थापा मारून झाल्याच होत्या, तिसरी खपली असती. मला तर वाटत होतं, म्हणा हो नाही म्हणून, सोडवा तिला.

"येतो," हे म्हणाले.

"मानसाच्या हाडाचा येगळा नाय?"

"नाही. यंत्राला तेवढंच कळतं. हाड की माती."

"तूच बोललेला हुतास, दादा. हतंच, ह्या दारात. हाड निगाला तरी बकऱ्याचा नसंल कशावरना."

"गोदे, ते मी उगाच बोललो. हा रावजी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलाय. त्याने गोंदण बघितलंय. विश्वास ठेव."

"कुनावर?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुज्यावर? तू कुनावर ठेवलास कदी? त्या दिवशी माजा हात धरलेला बायकांनी. मी धा वेळा रडून, आपटून मोकली झाले असते. तू बोललास थांबा. आता मी थांबलेय. आता बोलतंस चल. कशी चलू?"

यांनी कागद गुंडाळायला घेतला. रावजी भिंतीला टेकून खाली बसला. गोदावन्सं उठल्या, हात धुतले, उंडीपाशी गेल्या आणि मडकं सोडवून घेतलं. स्वतःच्या हाताने. बाईने ते करायचं नसतं, पण अडवायला कुणी पुढे झालं नाही.

"ही सोडूया," त्या म्हणाल्या. "माज्या दारात किती दिस टांगून ठेवायची? बकऱ्याची असतील तर बकऱ्याची. नि मानसाची असतील तर कुनाचा तरी हायच तो. त्याची बायकोपन वाट बगत असंल."

खाडीच्या तोंडाशी गेलो. रावजीने मडकं पाण्यात सोडलं, हे गुडघाभर पाण्यात उभे होते. गोदावन्संनी हात जोडले, त्या अनोळखी बाईच्या वतीने थोडं रडल्या, आणि परत येऊन राहिलेली मासळी साफ करायला बसल्या. बांगड्या हातातच होत्या. कुंकू तसंच होतं.

याला आता पाचेक वर्षं झाली. रघूभावोजी आले नाहीत. ते येणार नाहीत हे मला ठाऊक आहे, रावजीला ठाऊक आहे, गावाला ठाऊक आहे, आणि यांनी तर ते टिकलीएवढ्या चकतीत बघितलंय. गोदावन्सं मासे विकायला रोज रत्नागिरीला येतात आणि बोटी लागायच्या वेळी धक्क्यावर उभ्या असतात. कुणी वेडी म्हणत नाही. लोकांना सवय झाली.

हे पुष्कळ बदलले. दूध हुंगत नाहीत. सुरमई सखू देईल ती घेतात, आणि ती बिचारी आता स्वतःच कल्ला उचलून दाखवते. प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं, पावसात थरथरत नाही, खूर लख्ख उमटतो. मला वाटलं, संशय गेला एकदाचा घरातून. मी देवाला नारळसुद्धा ठेवला.

मग परवा बाजारातून येताना मी धक्क्यावरून आले. एक अनोळखी बोट लागत होती, कारवारकडची. गोदावन्सं पुढे उभ्या होत्या. त्यांच्या मागे, जरा आडोशाला, कचेरीची पिशवी काखेत धरून हे उभे. उतरणाऱ्या एकेका खलाशाच्या तोंडाकडे बघत होते. मी जवळ जाऊन विचारलं, "इथे काय करताय?"

दचकले. "काही नाही. हवा खायला आलो होतो," म्हणाले.

मला खरं वाटलं नाही.